रोबोट व्हॅक्यूम क्लीनर

रोबोट व्हॅक्यूम क्लीनर हे घरातील किंवा कार्यालयातील जमिनीवरचा केर व धूळ आपोआप गोळा करणारे, बॅटरीवर चालणारे स्वयंचलित यंत्र आहे. साध्या व्हॅक्यूम क्लीनरप्रमाणेच ते हवा ओढून घेऊन कचरा साठवते. मात्र ते हाताने ओढावे लागत नाही. संवेदकांच्या साहाय्याने ते अडथळे ओळखते, आपला मार्ग ठरवते आणि काम संपल्यावर किंवा बॅटरी उतरत आल्यावर चार्जिंगच्या जागी परत जाते. काही प्रकारांत जमीन ओल्या फडक्याने पुसण्याचीही सोय असते. घरगुती वापरात मोठ्या प्रमाणावर पोहोचलेल्या पहिल्या काही रोबोटांमध्ये या यंत्राची गणना होते.

## इतिहास

स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्स या कंपनीने तयार केलेल्या स्वयंचलित क्लीनरचा नमुना १९९६ मध्ये बीबीसीच्या 'टुमॉरोज वर्ल्ड' या विज्ञानविषयक कार्यक्रमात दाखवण्यात आला. त्याची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये 'ट्रायलोबाइट' या नावाने बाजारात आली. प्राचीन समुद्रतळावर सरपटणाऱ्या, आता नामशेष झालेल्या एका प्राणिवर्गावरून हे नाव घेतले होते. अडथळे ओळखण्यासाठी त्यात श्राव्यातीत ध्वनिलहरींचा वापर केलेला होता आणि दारातून बाहेर जाऊ नये म्हणून जमिनीवर चुंबकीय पट्ट्या लावाव्या लागत. यंत्र महाग असल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला. याच सुमारास ब्रिटनमधील डायसन कंपनीने 'डीसी०६' हा रोबोट तयार केला होता; परंतु त्याची किंमत फार होत असल्याने तो विक्रीस आलाच नाही.

सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील आयरोबोट कंपनीने 'रूम्बा' बाजारात आणला. कॉलिन अँगल, हेलन ग्रायनर व रॉडनी ब्रूक्स यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची पार्श्वभूमी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथील संशोधनाची होती. रोबोटला भोवतालच्या जगाचे संपूर्ण चित्र असण्याची गरज नाही. 'भिंत लागली की वळ', 'कडा दिसली की मागे हो' अशा साध्या वर्तनांच्या थरांतूनही उपयुक्त काम होऊ शकते, ही मांडणी ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकात केली होती. पहिला रूम्बा याच विचारावर चालत असे. नकाशा नसल्याने त्याची किंमत सुमारे २०० डॉलर इतकी कमी ठेवता आली आणि रोबोट सर्वसामान्य घरांत पोहोचला.

२०१० मध्ये अमेरिकेतील नीटो कंपनीच्या 'एक्सव्ही-११' या यंत्रात फिरत्या लेसरने खोली मोजून ओळीओळीने झाडण्याची पद्धत आली. २०१५ मध्ये रूम्बाच्या '९८०' या प्रकारात कॅमेऱ्याच्या आधारे नकाशा तयार करण्याची सोय झाली. त्यानंतर इकोव्हॅक्स, रोबोरॉक, शाओमी आदी चिनी कंपन्यांनी लेसरयुक्त यंत्रे तुलनेने कमी किमतीत उपलब्ध करून दिली आणि बाजाराचे केंद्र हळूहळू चीनकडे सरकले. ऑगस्ट २०२२ मध्ये अॅमेझॉनने आयरोबोट सुमारे १.७ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाच्या स्पर्धा-नियामकांच्या आक्षेपांनंतर जानेवारी २०२४ मध्ये हा व्यवहार सोडून देण्यात आला. डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबोटने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला.

## रचना

बहुतेक यंत्रे चपट्या तबकडीच्या आकाराची असतात. त्यांचा व्यास साधारणपणे ३० ते ३५ सेंटिमीटर आणि उंची ७ ते १० सेंटिमीटर असते. पलंग, सोफा वा कपाटाखाली शिरता यावे म्हणून उंची कमी ठेवलेली असते. गोल आकारामुळे यंत्र अरुंद जागेतही जागच्या जागी वळू शकते. काही यंत्रांची पुढची बाजू कोपऱ्यांत पोहोचण्यासाठी सरळ ठेवलेली असते.

यंत्राचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत :

* चाके – दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटर असलेले एकेक चाक आणि तोल सांभाळण्यासाठी एक लहान फिरते चाक. दोन्ही चाके सारख्या वेगाने फिरली तर यंत्र सरळ जाते, वेगात फरक असेल तर वळते आणि उलटसुलट दिशांना फिरली तर जागीच गिरकी घेते.
* बाजूचा ब्रश – भिंतीलगतचा व कोपऱ्यातला केर आतल्या बाजूस ढकलणारा, लांब केसांचा फिरता ब्रश.
* मुख्य ब्रश – तळाशी आडवा बसवलेला गोल फिरणारा ब्रश किंवा रबरी रूळ. तो जमिनीवरचा कचरा उचलून हवेच्या झोतात टाकतो.
* पंखा व मोटर – यंत्राच्या आत कमी दाब निर्माण करून हवा ओढणारी जोडी.
* कचऱ्याचा डबा व गाळणी – केर डब्यात राहतो आणि बारीक धूळ गाळणीत अडकते.
* बॅटरी – आरंभीच्या यंत्रांत निकेल-मेटल हायड्राइड, तर आता मुख्यत्वे लिथियम-आयन बॅटरी वापरली जाते. एकदा भारित केल्यावर यंत्र प्रकारानुसार सुमारे एक ते तीन तास चालते.

## कार्यपद्धती

### संवेदन

यंत्राला भोवतालची माहिती अनेक प्रकारच्या संवेदकांकडून मिळते. पुढच्या बाजूचा सरकता पट्टा एखाद्या वस्तूवर टेकला की आतील कळ दाबली जाते आणि यंत्र मागे सरते. तळाशी असलेले अवरक्त किरणांचे संवेदक जमिनीवर किरण टाकून परत येणारा प्रकाश मोजतात. प्रकाश परत आला नाही तर पुढे पायरी किंवा कडा आहे असे समजून यंत्र थांबते. चाकांना जोडलेले मोजक चाकांचे फेरे मोजतात, तर घूर्णदर्शी, म्हणजे वळण मोजणारा संवेदक, यंत्र किती अंशांनी वळले ते सांगतो. काही यंत्रांत आत जाणाऱ्या कणांचा आघात ओळखून अधिक मळलेली जागा हेरणारा संवेदकही असतो. अशा जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरते.

### नकाशा व स्थाननिश्चिती

नकाशा नसलेली यंत्रे चक्राकार फिरणे, भिंतीच्या कडेने जाणे आणि अडथळा लागल्यावर यदृच्छया दिशा बदलणे अशा हालचाली आलटून पालटून करतात. पुरेसा वेळ मिळाल्यास खोलीचा बहुतेक भाग झाडला जातो. परंतु काही जागा अनेकदा झाडल्या जातात, तर काही अधूनमधून सुटतात.

नकाशा तयार करणाऱ्या यंत्रांपुढे वेगळीच अडचण असते. आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी नकाशा लागतो आणि नकाशा काढण्यासाठी आपण कोठे आहोत हे ठाऊक असावे लागते. केवळ चाकांच्या फेऱ्यांवर विसंबून चालत नाही. सतरंजीवर चाक घसरले तरी फेरे मोजले जातातच आणि ही चूक साचत जाते. म्हणून यंत्र दोन्ही गोष्टींचा अंदाज एकाच वेळी बांधते आणि प्रत्येक नव्या मोजणीनिशी तो सुधारते. पूर्वी पाहिलेला कोपरा पुन्हा दिसला की साचलेली चूक उघड होते आणि सबंध नकाशा दुरुस्त करता येतो. या पद्धतीला रोबोटशास्त्रात 'स्लॅम' असे म्हणतात.

यासाठी मुख्यत्वे दोन प्रकारची साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे लिडार. यंत्राच्या माथ्यावरील लहान मनोऱ्यात लेसर फिरत राहतो आणि सर्व दिशांची अंतरे मोजतो. काही लिडार परत आलेला प्रकाशबिंदू ग्राहकावर किती सरकला यावरून, म्हणजे त्रिकोणमितीने, अंतर काढतात. तर काही प्रकाशाला जाऊन येण्यास लागणारा वेळ मोजतात. ३ मीटर दूर असलेल्या भिंतीवरून प्रकाश परत येण्यास केवळ २० नॅनोसेकंद लागतात. लिडार अंधारातही काम करतो. दुसरे साधन म्हणजे कॅमेरा. छत, दाराच्या चौकटी, भिंतीवरील चित्रे यांतील ठळक खुणा ओळखून यंत्र आपले स्थान ठरवते. त्यासाठी खोलीत पुरेसा उजेड असावा लागतो.

लिडारला केवळ त्याच्या उंचीच्या पातळीवरील वस्तू दिसतात. त्यामुळे जमिनीवरची वायर, मोजा किंवा चप्पल त्याच्या नजरेतून निसटते. अशा लहान वस्तूंसाठी काही यंत्रांत पुढच्या बाजूस स्वतंत्र कॅमेरा किंवा प्रकाशरेषा टाकून उंचसखलपणा मोजणारा संवेदक बसवलेला असतो.

### मार्ग व चार्जिंग

नकाशा तयार झाल्यावर यंत्र त्याची खोल्यांमध्ये विभागणी करते. प्रत्येक खोलीच्या कडा आधी झाडून नंतर मधला भाग नांगरटीच्या तासांप्रमाणे एकाआड एक समांतर रेषांत झाडला जातो. मोबाइलवरील अॅपमधून विशिष्ट खोली निवडता येते, वेळ ठरवता येते आणि यंत्राने जाऊ नये अशी जागा आखून देता येते. चार्जिंगच्या स्थानकातून अवरक्त संकेत निघत असतात. त्यांच्या आधारे यंत्र स्थानकाशी नेमके जुळते. काम अर्धवट असताना बॅटरी उतरल्यास अनेक यंत्रे ती भारित करून राहिलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करतात.

## फरशी पुसणे

पुसण्याची सोय असलेल्या यंत्रांत पाण्याची लहान टाकी आणि तळाशी फडके असते. साध्या प्रकारांत ओले फडके नुसते ओढत नेले जाते. त्यामुळे पातळ धूळ निघते, पण वाळलेला चहा किंवा आमटीचा डाग निघत नाही. प्रगत प्रकारांत फडके कंप पावते किंवा दोन गोल फडकी दाबून फिरवली जातात. गालिचा ओळखून फडके वर उचलण्याची सोयही काहींत असते. काही स्थानके डब्यातला केर मोठ्या पिशवीत ओढून घेतात, फडकी धुतात आणि गरम हवेने वाळवतात. अशा स्थानकांमुळे रोजची देखभाल कमी होते. परंतु किंमत व लागणारी जागा वाढते आणि केर ओढताना काही क्षण मोठा आवाज होतो.

## क्षमतेची मापने

जाहिरातींत ओढण्याची क्षमता पास्कल या दाबाच्या एककात सांगितली जाते. रोबोटांमध्ये ती साधारणपणे २,००० पास्कलपासून १०,००० पास्कलच्या पुढेपर्यंत असते. विजेच्या तारेवर चालणाऱ्या मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये ती २०,००० पास्कलच्या आसपास असू शकते. मात्र केवळ या आकड्यावरून सफाईचा दर्जा ठरत नाही. हा दाब बहुधा हवेचा मार्ग बंद असताना मोजलेला असतो. प्रत्यक्षात कचरा किती उचलला जाईल हे हवेचा प्रवाह, ब्रशची रचना आणि तळ व जमीन यांमधील अंतर यांवरही अवलंबून असते. घरगुती सफाई-रोबोटांच्या चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे 'आयईसी ६२८८५-७' हे मानक आहे.

गाळणीच्या बाबतीतही शब्दांची पारख आवश्यक ठरते. ०.३ मायक्रोमीटर आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळणीस अमेरिकी निकषानुसार 'हेपा' म्हटले जाते. 'हेपासारखी' असे वर्णन असलेली गाळणी हा निकष पूर्ण करतेच असे नाही.

## घरगुती वापर

### पूर्वतयारी

यंत्राचा उपयोग घराच्या मांडणीवर बराच अवलंबून असतो. काम सुरू होण्यापूर्वी मोबाइलच्या चार्जरच्या तारा, मोजे, खेळण्यांचे लहान तुकडे, पडद्यांच्या जमिनीवर लोळणाऱ्या कडा आणि सतरंजीच्या दशा आवरून ठेवाव्या लागतात. नकाशा करण्याच्या पहिल्या फेरीत सर्व खोल्यांची दारे उघडी ठेवणे सोयीचे असते. स्थानक भिंतीला टेकून, पुढे व दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहील असे ठेवतात आणि नंतर ते हलवत नाहीत. बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडली जातात. परदेशातून आणलेल्या यंत्राचे स्थानक भारतातील २३० व्होल्टच्या विजेवर चालते की नाही, हे त्यावरील पट्टीवरून आधी पाहून घ्यावे लागते.

### देखभाल

लांब केस व दोरे ब्रशभोवती आणि चाकांच्या आसाभोवती गुंडाळले जातात. ते वेळोवेळी कापून काढले नाहीत तर मोटरवर ताण येतो. डबा शक्यतो प्रत्येक वापरानंतर रिकामा करतात. गाळणी झटकून स्वच्छ करतात. धुता येण्याजोगी असल्यास ती पूर्ण वाळल्यावरच बसवतात, कारण ओलसर गाळणीत धूळ चिकटून हवा अडते व बुरशी धरते. कडा ओळखणारे संवेदक कोरड्या मऊ कापडाने पुसावे लागतात. ओले फडके यंत्राखाली तसेच राहिल्यास, विशेषतः पावसाळ्यात, त्याला कुबट वास येतो. ब्रश, गाळणी, फडके व बॅटरी हे झिजणारे भाग असल्याने खरेदीपूर्वी ते स्वतंत्रपणे मिळतात की नाही हे पाहणे महत्त्वाचे असते.

## मर्यादा

रोबोट व्हॅक्यूम क्लीनर केवळ जमीन झाडतो. जिने, कोळिष्टके, पंख्याची पाती किंवा माळ्यावरील धूळ त्याच्या आवाक्याबाहेर असते. साधारणपणे २ सेंटिमीटरपर्यंतचा उंचवटा तो ओलांडू शकतो; त्यामुळे जुन्या घरांतील उंच उंबरठ्यांवर खोलीगणिक त्याला उचलून ठेवावे लागते. काळा कडाप्पा किंवा गडद ग्रॅनाइट अवरक्त प्रकाश शोषून घेत असल्याने काही यंत्रे त्या जागेला कडा समजून पुढे जात नाहीत. आरसे व काचेची दारे लिडारची फसगत करतात. खडबडीत शहाबादी फरशीच्या सांध्यांतील माती पूर्ण निघत नाही, तर शेणाने सारवलेल्या जमिनीसाठी हे यंत्र उपयुक्त नाही. दारातील रांगोळी यंत्राला कचराच वाटते.

साध्या यंत्राने सांडलेले पाणी वा ओला केर ओढू नये. तसे झाल्यास मोटर व विद्युत मंडल बिघडू शकते. पाळीव प्राण्याची विष्ठा जमिनीवर असल्यास ती घरभर पसरण्याचा धोका असतो. कॅमेऱ्याने अशी घाण ओळखून टाळण्याची सोय काही नव्या यंत्रांत देण्यात आली आहे.

## सुरक्षितता

यंत्राला मनुष्य आणि फर्निचर यांतील भेद सहसा कळत नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन शहरात जमिनीवर झोपलेल्या एका महिलेचे केस रोबोटने ओढून घेतले आणि तिला सोडवण्यासाठी बचाव पथकाला बोलवावे लागले. भारतातही अनेक घरांत जमिनीवर अंथरूण घालण्याची पद्धत असल्याने घरातील माणसे झोपलेली असताना किंवा तान्हे मूल जमिनीवर असताना यंत्र चालू न ठेवणे इष्ट ठरते. वृद्धांना पायात यंत्र येऊन अडखळण्याचा धोका असतो. देवघरातील समई, जमिनीवर ठेवलेली पणती किंवा जळती उदबत्ती असलेली जागा वर्ज्य क्षेत्र म्हणून आखावी. विझलेली वाटणारी राख किंवा निखारा आत गेल्यास आग लागू शकते. फुगलेली किंवा अतिशय तापणारी लिथियम-आयन बॅटरी वापरणे तत्काळ थांबवावे लागते.

## गोपनीयता

सफाईसाठी तयार केलेल्या नकाशात घराचे क्षेत्रफळ, खोल्यांची रचना आणि सामानाची जागा यांची माहिती असते. कॅमेरा असलेल्या यंत्रात प्रत्यक्ष छायाचित्रेही निर्माण होतात. डिसेंबर २०२२ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने, चाचणीसाठी दिलेल्या रोबोटांनी घराच्या आत टिपलेली खाजगी छायाचित्रे, त्यांतील वस्तूंना नावे देण्याचे काम करणाऱ्यांकडून समाजमाध्यमांवर गेल्याचे उघड केले. या यंत्रांच्या वापरकर्त्यांनी माहिती गोळा करण्यास संमती दिलेली होती. परंतु ती छायाचित्रे दूरदेशीची माणसे पाहतील याची कल्पना त्यांना कितपत होती, हा प्रश्न त्यातून पुढे आला. २०२० मध्ये सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठ व मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी मायक्रोफोन नसलेल्या यंत्राच्या लिडारद्वारेही जवळच्या वस्तूंची कंपने टिपून बोलण्याचा मागोवा घेता येतो, असे दाखवून दिले. २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतील रोबोटांचा ताबा अनोळखी व्यक्तींनी घेतल्याच्या आणि ध्वनिवर्धकातून शिवीगाळ केल्याच्या घटना घडल्या.

धोका कमी करण्यासाठी खात्याला वेगळा व सशक्त पासवर्ड ठेवणे, आज्ञावली अद्ययावत ठेवणे, नको असल्यास छायाचित्रे पाठवण्याची परवानगी नाकारणे आणि यंत्र विकताना वा दुरुस्तीस देताना नकाशे पुसून टाकणे हे उपाय सुचवले जातात. अनेक यंत्रे केवळ कळ दाबून, इंटरनेटशिवायही झाडू शकतात.

## भारतातील वापर

भारतात व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी जाऊन दाखवण्याची व विकण्याची पद्धत मुंबईस्थित युरेका फोर्ब्स कंपनीने रूढ केली. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीत, पुढे पहिला रोबोट क्लीनर बाजारात आणणाऱ्या इलेक्ट्रोलक्सचीही भागीदारी होती. तरीही केरसुणी, सुपली आणि ओले फडके यांचे स्थान टिकून राहिले. फरश्यांची गुळगुळीत जमीन, रोज पुसण्याची सवय आणि घरकामगारांची उपलब्धता ही त्याची कारणे आहेत. गालिच्यांसाठी विकसित झालेल्या यंत्रापेक्षा झाडणे व पुसणे दोन्ही करणारे यंत्र भारतीय घरांना अधिक सोयीचे ठरते.

२०२० मधील टाळेबंदीच्या काळात घरकामगारांना सोसायट्यांत प्रवेश बंद झाला आणि शहरी मध्यमवर्गात या यंत्रांची मागणी वाढली. शाओमीने एप्रिल २०२० मध्ये झाडणे-पुसणे दोन्ही करणारे आपले यंत्र भारतात आणले. गुरुग्राम येथील मिलाग्रो ही भारतीय कंपनी त्याआधीपासून या क्षेत्रात होती. त्याच काळात, ज्यांची रोजी घरकामावर अवलंबून होती अशा असंख्य स्त्रियांचे उत्पन्न थांबले. घरकामात भांडी, कपडे, ओटा, न्हाणीघर अशी अनेक कामे येत असल्याने रोबोट त्यांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. मात्र केर-फरशीचे काम स्वतंत्रपणे ठरवले जाते तेथे त्याचा परिणाम संभवतो. दुसरीकडे, पाठदुखी, गुडघेदुखी किंवा अपंगत्व यांमुळे वाकून झाडणे शक्य नसलेल्या व्यक्तींना हे यंत्र काही प्रमाणात स्वावलंबन देते.

## पर्यावरणीय परिणाम

यंत्र निकामी झाल्यावर त्यातील बॅटरी, मोटर व विद्युत मंडले यांचा ई-कचरा होतो. लिथियम-आयन बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत दबून पेट घेऊ शकते. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकाने त्या अधिकृत संकलन केंद्रात देणे अपेक्षित आहे. सुटे भाग आणि आज्ञावलीचे अद्यतन किती वर्षे मिळते यावर यंत्राचे आयुष्य अवलंबून असते. कंपनीची सेवा बंद पडल्यास चालू स्थितीतील यंत्राच्याही काही सोयी निरुपयोगी होऊ शकतात.

## हेही पहा

* व्हॅक्यूम क्लीनर
* रोबोटशास्त्र
* लिडार
* लिथियम-आयन बॅटरी
* ई-कचरा